बघ्याचं काम

'बघ्या' या शब्दावरून आमचे संपादक आणि मी अजून भांडतो. त्यांच्या मते अर्थ सरळ आहे: मदत न करता नुसता बघत राहणारा. मी म्हणते, 'नुसता' काढा. "बाई, शब्दकोश आहे हा, तुमच्या घरचा कारभार नव्हे," असं म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कोशातल्या 'ब'च्या नोंदी चालू होत्या, तेव्हा आमच्या कचेरीसमोरच्या उंच इमारतीला बाहेरून रंग देत होते. रंगाऱ्यांत माझा नवरा. दोरांवर टांगलेल्या फळीवर बसून तो भिंती रंगवायचा. खाली फाटकाशी एक म्हातारा स्टुलावर बसून दिवसभर वर बघायचा. चहा पितानाही मान वरच. मला रागच यायचा. इथे माणसं जिवावर उदार झालीत आणि हा आयता तमाशा बघतोय!

"बघू दे गं," नवरा म्हणायचा. "बरं वाटतं वर. खाली कोणीतरी आहे असं."

'बघ्या'ची नोंद माझ्याकडे आली, तेव्हा मी म्हाताऱ्यालाच खोचकपणे विचारलं, "काय आजोबा, हा शब्द कुठून आला असेल?"

"कामावरून, पोरी." त्याने मान खाली केली नाही. "पूर्वी उंच बांधकामावर एक माणूस बघायलाच ठेवायचे. वर गेलेल्यांवरची नजर काढायची नाही, एवढंच काम. नजर आहे तोवर माणूस पडत नाही म्हणायचे. माझा बाप बघ्या, आजा बघ्या."

"आणि तुम्हाला कोणी ठेवलंय?"

"कोणी नाही. राहवत नाही."

मी हसत परतले. नोंदीत 'लोकसमजूत' म्हणून एक ओळ खरडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर आरडाओरडा झाला. मी खिडकीशी धावले. फळीचे दोन्ही दोर तुटून गच्चीच्या कठड्यावरून लोंबत होते. फळी मात्र जागच्या जागी होती, अधांतरी. तिच्यावर माझा नवरा, दोन्ही तळवे भिंतीला टेकून. डब्यातून रंग ठिबकत होता. खाली फक्त रंग येत होता.

जिना कसा उतरले, देव जाणे. रंगारी आतल्या बाजूने खिडकीची जाळी तोडायला धावले होते. मी ओरडून फळीखालची गर्दी हटवली.

फाटकाशी एक गवंडी म्हाताऱ्याला उठवत होता. त्याने म्हाताऱ्याच्या नाकाशी बोटं धरली.

"गार पडलाय हो. सकाळीच गेला असणार."

पाठ भिंतीला टेकलेली. मान वर. डोळे सताड उघडे.

"मिटतो बिचाऱ्याचे," म्हणत गवंड्याने हात पुढे केला.

मी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नका!"

"अहो ताई, मेलेल्या माणसाचे..."

"आधी माझा नवरा आत येऊ दे."

गवंड्याने हात मागे घेतला. म्हाताऱ्याच्या बुबुळावर माशी बसली. मी ती हळूच हाकलली.

वर जाळी निघाली. हात बाहेर आले. त्यांनी नवऱ्याला काखेत धरून आत ओढलं. मग खिडकीतून त्याचा रंगाने माखलेला हात हलला.

मी म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. रडू आवरेना. "आजोबा, फार उपकार झाले हो. झालं तुमचं काम. आता विसावा घ्या."

अंग थंडगार होतं. पापण्या मात्र कोमट लागल्या.

मी त्या मिटल्या, आणि मागे फळी धाडकन आदळली.