आभाराचं पान

"एक्याण्णव टक्के!" मी कागद बाकावर आपटला. "माझा प्रबंध एक्याण्णव टक्के यंत्रानं लिहिलाय म्हणे! हे ज्या मेल्यानं ठरवलं ना, तो एकदा भेटू दे मला…"

कॉलेजमागच्या टपरीवर बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उकडलेल्या भाज्यांचं पेचेल खात होतं. मी त्याच्याकडे न बघताच बोलत होते. ऐकायला कुणीतरी हवं होतं, बस्स.

"भेटला की," तो म्हणाला. "तपासणी कक्ष, दुसरा मजला. दामर माझं नाव."

मी वळले. गालाला शेंगदाण्याची चटणी लागलेली, आणि डोळे असे, की रागावणं कठीण व्हावं. मी तरीही रागावले.

"मी वेनिंग. मग ऐकाच, साहेब. जामू विकणाऱ्या बायकांवर लिहिलंय मी. आठ महिने पहाटे उठून त्यांच्या काढ्याच्या बाटल्यांमागे चाललेय. पायाला फोड आलेत. येतात का यंत्राला फोड?"

"साहेब नका हो म्हणू. सव्वीस वर्षांचा आहे मी."

"बरं, सव्वीस वर्षांचे साहेब! गुरुवारी माझी तोंडी परीक्षा आहे. तुमचा शिक्का नाही मिळाला तर परीक्षा रद्द, पदवी सहा महिने लांबणीवर. तिकडे आईनं पदवीदानासाठी कबाया शिवायला टाकलाय, गावभर सांगून!"

"मार्गदर्शनाचं कार्ड आणा ना," तो शांतपणे म्हणाला. "सरांना कधी भेटलात, काय दुरुस्त केलंत, सगळं सह्यांनिशी असतं त्यावर."

मी पिशवीतून कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. कार्डावर आठ सह्या होत्या, आणि आठही एकाच दुपारी, एकाच निळ्या पेनानं केलेल्या. आमचे सर कायम जकार्ताला. सापडले की पकडायचं आणि सगळ्या भेटींच्या सह्या एकदम उरकून घ्यायच्या, अख्खं कॉलेज हेच करतं.

"एकाच दिवशी?" त्यानं विचारलं.

मी कार्ड उलटं करून ठेवलं.

"माझ्या नऊ होत्या," तो हसत म्हणाला. "गाडीच्या बॉनेटवर. सरांनी इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं… असं करा, उद्या दुपारी वर या. मी प्रश्न विचारतो. लिहिणाऱ्याला उत्तरं येतातच."

दुसऱ्या दिवशी गेले, तर याच्यापुढे माझा प्रबंध. एकशे बारा पानं, आणि पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. अहो, सरांनीसुद्धा एवढं वाचलं नव्हतं!

"या तुमच्या काढेवाल्या जुमआजी मशिदीमागून वळसा घालतात. का? सरळ रस्ता आहे की."

"त्या रस्त्यावर एकाची बदकं मोकाट असतात. चावतात. मला दोनदा चावलीत."

"कुठं?"

"ते प्रबंधात नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही!"

तो लाल झाला आणि उगाच पानं चाळत बसला. मग विचारतच राहिला — हळद कोण कुटतं, पावसात बाटल्या कशा झाकतात, कुणी उधार मागितलं तर आजी काय म्हणतात… तास उलटून गेला. शिक्क्यापुरतं एवढं लागत नाही, हे मला कळत होतं. पण मीही उठले नाही.

शेवटी त्यानं शिक्का मारला. मग हळूच म्हणाला, "एक गंमत सांगू? अख्ख्या प्रबंधात यंत्राला एकच पान शंभर टक्के माणसाचं वाटलं. आभाराचं."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तेवढंच… यंत्रानं लिहिलंय," मी पुटपुटले.

तो हसता हसता खुर्चीतून पडायचा राहिला. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "आईबद्दल लिहायला बसले की रडू यायचं हो. मग दिलं त्याला लिहायला."

त्याचं हसू थांबलं. "मग रडत लिही… लिहा. बांधणीआधी नवं पान आणा. नाहीतर शिक्का परत घेईन. आणि त्यात कुणा मित्राचं नाव घालणार असाल तर जपून. आमच्या वर्गात पाच जणांनी मैत्रिणींची नावं छापली. पुस्तक बांधून येईपर्यंत तिघांचं मोडलं होतं. नावं अजून ग्रंथालयात आहेत."

"माझं तसं कुणी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला — जरा जास्तच पटकन.

गुरुवारी मी पास झाले. शुक्रवारी नवं पान त्याच्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. आधी आई, मग जुमआजी, मग ती मेली बदकं. आणि शेवटची ओळ: 'मस दामर यांचे आभार. माझं सगळं वाचणारे ते एकटेच.' साहेब नाही, मस. आमच्या जावा बेटावर मुली आपल्या माणसाला म्हणतात तसं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. यंत्रात घातलं.

"चौऱ्याण्णव टक्के यंत्र."

"अरे देवा! रात्रभर रडून लिहिलंय मी! फोडा ते डबडं!"

"मला शिक्का मारता येणार नाही."

"आता काय झालं?"

"माझंच नाव आहे त्यात," तो कानापर्यंत लाल झाला होता. "मी त्रयस्थ कुठं राहिलो? शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून घ्यावा लागेल."

"एवढा ताप होत असेल तर खोडते नाव!"

"खबरदार!" त्यानं पान छातीशी धरलं.

मला हसू आवरेना. "बांधून यायला किती दिवस लागतात, मस?"

"दहा."

"आणि तेवढ्यात मोडलं तर?"

"आधी सुरू तर करू. चल, पेचेल खाऊ," तो म्हणाला, आणि पान घेऊन स्वतःच बाईंच्या टेबलाकडे निघाला.