खांडवे सरांचं पिच कोणी बुडवलं?

“उदय, स्टंप घेतलेस का? आणि बॉल चड्डीच्या खिशात कोंबू नकोस, फाटेल खिसा!” सायकलवर टांग टाकत सुचेता ओरडली.

“फाटू दे! मॅचला नऊ दिवस राहिलेत आणि तू खिशाचं काय घेऊन बसलीस?” तिचा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ उदय मागच्या कॅरिअरवर उडी मारून बसला. “चल ना यार, शशी केव्हाच पुढे गेली!”

१९७८ सालचा मे महिना होता. भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये सकाळी सहालाच उन्हाचा चटका जाणवायचा. सुचेताचे बाबा नागपूरहून बदली होऊन इथल्या कारखान्यात आले, त्याला चार वर्षं झाली होती. शेजारची शशिकला तिच्याच वर्गातली. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज क्लबच्या मैदानावर क्रिकेटच्या शिबिराला जात. मुलींना नेटमध्ये घेणारे नारायण खांडवे सर हे सगळ्या भोपाळमधले एकटेच कोच असावेत.

पण आज मैदानावर सगळे घोळका करून उभे होते. खेळपट्टीच्या जागी काळा रबडा झाला होता. त्यात वीतभर पाणी साचलेलं, आणि एक म्हैस येऊन बसली असती तर तिला अगदी घरच्यासारखं वाटलं असतं!

“सत्यानाश!” शशिकला पुटपुटली. “दोन वर्षांची मेहनत!”

खरंच दोन वर्षांची मेहनत होती. रायसेन रोडकडच्या एका शेतातून सरांनी काळी माती आणवली होती. ती स्वतः चाळली, थरावर थर देऊन रोज पाणी शिंपडलं, रोज रोलर ओढला. आता ते चिखलाच्या कडेला उकिडवे बसले होते आणि बोटाने माती चाचपत होते. त्यांच्या डोक्यावर क्लबचे सेक्रेटरी प्रभाकर मिराशी कमरेवर हात ठेवून उभे होते.

मिराशींना क्रिकेटमधलं एवढंच कळे की टी-टाइमला समोसे येतात. तरी भाषण मात्र ते प्रत्येक मॅचला करत.

“बघा मुलांनो! नळ उघडा टाकून घरी जाणारा तुमचा कोच बघा!” मिराशी गरजले. “पण मी म्हणतो, यात नवल काय? या माणसाने जन्मभर दुसरं केलंय काय? पाणीच वाहिलंय!”

दोन-तीन मोठी मुलं फिस्सकन हसली. सुचेताही हसली. तो विनोद टाउनशिपमध्ये जुनाच होता. खांडवे सर एकदा भारताच्या संघातून परदेश दौऱ्यावर गेले होते, पण एकाही कसोटीत खेळले नव्हते. साऱ्या दौऱ्यात त्यांनी मैदानावर पाण्याच्या बाटल्या नेल्या. म्हणून मिराशींच्या गोटात त्यांचं नाव पडलं होतं ‘पाणीवाला’.

“नळ मी बंद केला होता,” सर शांतपणे म्हणाले. “काल सकाळी दहाला पाणी शिंपडलं, बंद केला आणि गेलो. गुरुवारी संध्याकाळी सराव नसतो.”

“मग काय भुताने उघडला? रविवारी पाच वाजता क्लबचे अध्यक्ष दामले साहेब इथे येणार आहेत. त्यांच्यासमोरच तुमचा निकाल लावू! कोच म्हणून माझ्या साडूचं नाव मी केव्हाच सुचवलंय. चांगला शिकलेला माणूस आहे. बॅडमिंटन खेळतो!”

मिराशी तरातरा निघून गेले. सर उठले आणि फावड्याने चर खणून पाणी बाहेर काढू लागले.

“सुचे,” शशिकला हळूच म्हणाली, “मिराशीकाका आठच्या आधी कधी उठतात का गं? सहाच्या आधीच मैदानावर कसे हजर?”

सुचेताच्याही मनात तेच आलं होतं. आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. फाटकापासून खेळपट्टीपर्यंत मैदानाच्या लाल मुरुमावर झाडूच्या रेघा उमटल्या होत्या.

“मैदान कोण झाडतं?” ती म्हणाली. “अंगण झाडतात, मैदान झाडतात होय?”

“झाडणाऱ्याला काहीतरी पुसायचं असणार!” उदयचे डोळे चमकले.

त्या दिवशी परतताना ती तिघं सरांच्या क्वार्टरवर थांबली. सर पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. सुचेताने धीर करून विचारलं, “सर, सगळे तुम्हाला तसं म्हणतात, तर तुम्हाला राग नाही येत?”

“पाणीवाला? येतो की.” सरांनी तेलाची वाटी बाजूला सारली. “विदर्भाकडून अकरा वर्षं ऑफस्पिन टाकली मी. मग ते बोलावणं आलं. एकसष्ट दिवसांचा दौरा. आज खेळवतील, उद्या खेळवतील, असं करत रोज पांढरे कपडे घालून बसायचो. नाही खेळवलं. मग पाणी न्यायचो तेव्हा प्रत्येक बॅट्समनचे पाय बघून घ्यायचो. कोण पुढे येतो, कोण दबकतो, सगळं वहीत लिहायचो. तुम्हाला शिकवतो ते त्या वहीतलंच आहे. परत आलो, गुडघा गेला, इथे स्टोअरमध्ये नोकरी मिळाली.” पुन्हा वाटी जवळ ओढत ते म्हणाले, “तिथे तरी नेलं मला. मिराशींना तर पलीकडच्या सोनागिरी वस्तीतल्या गल्लीतली पोरंसुद्धा संघात घ्यायची नाहीत.”

सुचेता सकाळी हसली होती. तिचे कान गरम झाले. हसणाऱ्या त्या मोठ्या मुलांची, मिराशींची आणि सगळ्यात जास्त स्वतःची तिला किळस आली.

शनिवारी दुपारी कूलर लावून सारी टाउनशिप झोपली होती, तेव्हा तिघं मैदानावर पोचली. पाणी ओसरलं होतं आणि उन्हाने चिखलावर पापुद्रा धरला होता. उदय स्टंपने ठिकठिकाणी भोसकून बघत होता.

टण्ण!

“दगड?”

“पिचमध्ये दगड? सर खडासुद्धा राहू देत नाहीत!” सुचेताने हाताने चिखल बाजूला केला. आत काहीतरी चकाकलं. गाडीच्या चाकावर बसवतात तो व्हील कप उताणा रुतला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला लाल रंगात अक्षरं रंगवली होती : पी. एम.

उदय दचकून मागे सरला. “प्राइम मिनिस्टर? ते आपल्या पिचवर आले होते?”

“गाढवा!” शशिकलाने त्याला टपली मारली. “प्रभाकर मिराशी! त्यांनी नाही का गेल्या महिन्यात जुनी फियाट घेतली? गाडी शिकतायत ते. कॉलनीतली कोंबडीसुद्धा आता रस्त्याच्या कडेने चालते!”

आता सारा प्रकार लख्ख दिसू लागला. गुरुवारी दुपारी सगळे झोपलेले. मोकळं मैदान. मिराशींनी गाडी थेट ओल्या खेळपट्टीवर घातली, चाकं रुतली, बाहेर काढता काढता मातीची वाट लागली आणि व्हील कप निखळून चिखलात गेला. मग चाकोऱ्या मिटवायला त्यांनी नळ सोडला आणि चाकांच्या खुणा झाडून काढल्या. एवढा मोठा माणूस, आणि चूक झाकायला झाडू!

“चल, काढ ते! थेट दामले साहेबांकडे नेऊ!” उदय म्हणाला.

“थांब!” सुचेताने त्याचा हात धरला. “मिराशीकाका त्यांना म्हणतील, माझा व्हील कप पोरांनी चोरला आणि इथे पुरला. त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं. हे इथेच राहू दे. चिखल सारखा कर.”

तासाभरात सहकारी भांडारच्या फळ्यावर शशिकलाच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली : ‘मोटारगाडीचा एक व्हील कप सापडला आहे. मालकाने ओळख लिहून द्यावी. सुचेता राजूरकर, क्वार्टर ११२.’

मिराशी संध्याकाळीच हजर झाले. मुलांशी बोलताना ते नेहमी त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत. आजही त्यांनी भिंतीलाच विचारलं, “कुठाय माझा व्हील कप?”

“सुरक्षित ठिकाणी आहे, काका,” सुचेता अगदी गरीब चेहरा करून म्हणाली. “पण कॉलनीत अकरा गाड्या आहेत ना. दुसऱ्याच कुणाचा निघाला तर?”

“दुसऱ्याचा कसा निघेल? आत लाल रंगात पी. एम. लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय!”

“मग एवढंच लिहून द्या ना. आणि कधी हरवला तेही. गाडीचे नियम आम्हाला कुठे कळतात! तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्हाला बरोबर लिहिता येईल.”

सेक्रेटरी म्हटल्यावर मिराशी फुलले. झोकात शाईचं पेन काढून त्यांनी लिहिलं : ‘आत लाल रंगात पी. एम. असलेला व्हील कप माझाच आहे. गुरुवारी दुपारी दोन वाजता गाडी घरून निघाली तेव्हा तो जागेवर होता. चार वाजता परत आल्यावर नव्हता.’ खाली पानभर लांब सही ठोकली.

“सोनागिरीच्या रस्त्यावर खड्ड्यात पडला असणार,” ते भिंतीला म्हणाले. “बरं, आण.”

“उद्या पाच वाजता मैदानावर देऊ, काका. सगळ्यांसमोर.”

“समारंभ करताय? करा, करा!” मिराशी खूश होऊन गेले. दार लागताच उदयने उशीत तोंड खुपसून हसून घेतलं.

रविवारी पाचला कारखान्याचे मोठे अधिकारी आणि क्लबचे अध्यक्ष दामले साहेब आले. सुचेताचे बाबा, इतर पालक, शिबिरातली तीस मुलं, सगळे जमले. मिराशींनी बेजबाबदारपणावर दहा मिनिटं भाषण केलं. सर एका बाजूला सरळ उभे होते.

“खांडवे, तुम्हाला काही म्हणायचंय?” दामले साहेबांनी विचारलं.

“नळ मी बंद केला होता, साहेब. दुसरं काही नाही.”

“साहेब, मला म्हणायचंय!” सुचेता पुढे आली. तिचा आवाज खणखणीत होता. “मिराशीकाकांची हरवलेली वस्तू आम्हाला सापडलीय. ती त्यांना आत्ता द्यायची आहे. आधी त्यांनी स्वतः लिहून दिलेली ही ओळख वाचाल?”

दामले साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. मिराशी कौतुकाने मान डोलावत होते.

“हे तुमचंच अक्षर ना, मिराशी?”

“अर्थात! पण त्याचा इथे काय...”

“उदय, काढ!”

उदयने खुरपं घेतलं, वाळत आलेल्या खेळपट्टीवर गुडघे टेकले आणि काळी ढेकळं उचकटली. दोन मिनिटांत व्हील कप वर आला. त्याने तो शर्टाने पुसला. लाल अक्षरं सगळ्यांना दिसली. पुढच्या क्षणी तीस मुलांचा एकच गलका उसळला!

“हा... हा कट आहे!” मिराशी किंचाळले. “मी गाडी फक्त कडेकडेने... म्हणजे ब्रेकऐवजी चुकून दुसरंच दाबलं गेलं...” आणि आपण काय बोललो ते कळून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“पुरे!” दामले साहेबांचा आवाज कडक झाला. “गाडी रुतली ही चूक होती, मिराशी. दुसऱ्याच्या माथी मारली, त्याला काय म्हणायचं? क्लबच्या किल्ल्या आत्ता इथे ठेवा. खांडवे, शिक्षा तुम्ही सांगा. आठ दिवस यांना रोलर ओढायला लावू का?”

सरांनी मिराशींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नको साहेब,” ते म्हणाले. “यांचं पाऊल माझ्या पिचवर पुन्हा नको. मुलं ओढतील रोलर.”

मिराशी किल्ल्या ठेवून फाटकाकडे निघाले. व्हील कप न्यायलाही ते विसरले. त्यांच्यामागून कुणीच गेलं नाही.

मॅच आठ दिवस पुढे ढकलली गेली. दामले साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. “पोलीस खात्यात पाठवायला हवं तुम्हाला!” ते म्हणाले. सुचेताच्या बाबांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. “मीही हसलो होतो त्या विनोदावर,” ते म्हणाले, “माफ करा.”

सगळे पांगल्यावर सरांनी सुचेताला हाक मारली. “वेळ लिहून घ्यायचं कसं सुचलं तुला?”

“मी त्यांना सेक्रेटरी म्हटलं, सर. मग ते आपोआप लिहीत गेले.”

खांडवे सरांना हसताना त्या शिबिरात कुणीही पाहिलं नव्हतं. आज ते गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“याला फ्लाइट म्हणतात,” ते म्हणाले. “बॉल असा हवेत ठेवायचा की बॅट्समनला वाटलं पाहिजे, आता मारतोच. आणि मग तो आपणहून क्रीज सोडतो. उद्यापासून तू ऑफस्पिन टाकायचीस.”