छातीतला ढोल ऐकणारा पाहुणा

रत्नागिरीजवळच्या समुद्रतळावरील काचघरात सगळेजण पावले न वाजवता वावरत होते. तरीही पाहुणा उमलत नव्हता. शनीच्या एका बर्फाळ चंद्राखालच्या सागरातून आलेला तो जीव कुंडात कळीसारखा मिटून होता. आजही तो जेवला नाही, तर जगणे कठीण होते.

"मोठ्यांना भितो, तुला कदाचित भिणार नाही," असे म्हणून ध्वनितज्ज्ञ आप्पांनी आपल्या नातीला, शाल्मलीला, बोलावले होते.

तळहातावर शेवाळ घेऊन शाल्मलीने हात पाण्यात बुडवला. पाहुणा आणखीच मिटला.

"आप्पा, मी तर हूं की चूं केले नाही!"

आप्पांनी ध्वनिग्राहक (पाण्यातील सूक्ष्म आवाज टिपणारे यंत्र) सुरू केला. निळ्या अंधारात ढोल घुमू लागला.

"हे तुझे हृदय. पाहुण्याला डोळे नाहीत, तो कानांनीच पाहतो. इतका ढोल म्हणजे संकट, असे त्याला वाटते."

शाल्मलीने श्वास रोखला. तो सुटताच ढोल अधिकच उसळला.

"अगं, रोखू नकोस. तू धास्तावलीस, म्हणून मेंदूने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा दिला. त्यांनी अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारे रसायन) सोडले. हृदय धावू लागले, रक्त स्नायूंकडे वळले, पचन मंदावले."

"म्हणून पोटात गोळा आलाय?"

"हो. घटकाभर ही तयारी उपयोगीच असते. पण ताण रोजचाच झाला, तर झोप, पचन, रोगप्रतिकारशक्ती, सारेच बिघडते. म्हणून खेळावे, पुरेसे झोपावे, मनातले कोणाला तरी सांगावे. आत्ता मात्र श्वास सावकाश सोड, घेतलास त्याहून लांब. मग व्हेगस चेता (मेंदूपासून हृदयापर्यंत व पोटापर्यंत जाणारी नस) हृदयाला धीमे करते."

शाल्मलीने श्वास सोडला, जणू दूरची नाव हळूच ढकलावी तसा. पुन्हा सोडला. ढोल संथ झाला. पाहुण्याची एक पाकळी उघडली. ती पाहण्यासाठी आप्पांनी वाकून कुंडाच्या पाण्यात हात बुडवला, तोच ढोल पुन्हा जोरात घुमला आणि ती मिटली.

"आप्पा, हा ढोल माझा नाही हं! सोडा श्वास!"

आप्पा ओशाळून हसले आणि मुकाट्याने श्वास सोडू लागले. हळूहळू पाहुणा पूर्ण उमलला. त्याने शाल्मलीच्या तळहातावरचे शेवाळ अलगद उचलले आणि गिळले.

"मी त्याच्या सागरात गेले, तर तोही मला जेवू घालील ना?"

"घालील की. पण तिथे तुला फार भीती वाटेल."

"वाटू दे," शाल्मली म्हणाली. "तिला कसे सांभाळायचे, ते आता मला येते."