ॲप्रिसिटीचं कार्ड

खोटं कशाला बोलू, मी काही भित्री नाही. त्या दुपारी चारला तळघरात उतरले ती फक्त एक शब्द काढून टाकायला.

आमचं काम शब्दकोशाचं. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ. आमच्या बाईंनी तो चाळीस वर्षं सांभाळला. तशी बाई पुन्हा होणे नाही! त्यांचा कायदा एकच : शब्द कुणीतरी मनापासून बोललेला हवा. कार्डावर वाक्य, बोलणारा, ऐकणारा आणि तारीख. रचलेलं वाक्य त्यांना वासानंच कळायचं, की कार्ड थेट केराच्या टोपलीत.

'ॲप्रिसिटी' त्यांचा लाडका. थंडीतल्या उन्हाची ऊब. पण इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून म्हणून तो आला नाही. शेवटच्या आजारपणात मी म्हटलं, "बाई, तुम्हीच बोला ना एकदा. मी लिहून घेते."

"इथे ऊन कुठंय गं?" दवाखान्याच्या भिंतीकडे बघत त्या हसल्या. "ऊन लागू दे, मग बोलेन."

चार दिवसांनी त्या गेल्या. महिन्याभरात कोश छापायला निघाला.

"ताई, पाचला पान बंद," वर बसलेले छापखान्याचे फोरमन म्हणाले. "कार्ड नसेल तर शब्द काढा."

तळघराला खिडकी नाही. दिवा लावला, बाईंचा खण उघडला आणि 'ॲप्रिसिटी'चं कार्ड काढलं. अर्थ त्यांच्या अक्षरात, खाली सगळं कोरं. माझ्या मनात पाप आलं. ठोकून द्यावं एखादं वाक्य, कोणाला कळतंय? पेन उघडलं, आणि निलगिरीचा वास आला. बाई रुमालाला लावायच्या तोच.

मागे वळले. बाईंच्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. बंद तळघरात... ऊन! बैठकीला हात लावला तर ती उबदार होती.

"आहाहा..." अगदी कानाशी. "काय ही ॲप्रिसिटी... लिही गं."

लिहिलं. बोलणाऱ्या : बाई. ऐकणारी : मी. तारीख : आजची. डोळे भरून आले. मेल्यावरसुद्धा बाईंनी आपला कायदा मोडला नाही, आणि मलाही मोडू दिला नाही.

फोरमननी कार्ड वाचलं. "ताई, तारीख चुकली. बाईंना जाऊन महिना झाला."

"चुकलेली नाही."

त्यांनी तारीख पुन्हा एकदा वाचली. मग कार्ड घेऊन गेले. शब्द छापला गेला.

परवा त्या खुर्चीवर एक नवं कार्ड सापडलं. वर तोच शब्द, अक्षर बाईंचं. बोलणाऱ्याच्या जागी माझं नाव. ऐकणाऱ्याच्या जागी बाईंची सही. तारखेची जागा मात्र कोरी होती.

आज सकाळी तिथे बाईंच्या अक्षरात महिना लिहिलेला दिसला... हाच. दिवस तेवढा अजून कोरा आहे.