सातचं ड्रिल आरपार

“अगं, हा बोल्ट घट्टच होत नाहीये! नुसता गरागरा फिरतोय!” वळवळ्या ओरडला.

सुट्टीत मामाच्या वर्कशॉपमध्ये आल्यापासून ही भावंडं दिसेल त्याला पाना लावत सुटली होती. भाऊ एका जागी बसत नसे म्हणून वळवळ्या, आणि बहिणीच्या चष्म्याच्या काचा जाड म्हणून ती भिंग!

भिंगने त्याच्या हातातली लोखंडी पट्टी घेतली. फिटरकाकांनी काल अशा पाच पट्ट्या केल्या होत्या. चार तरणतलावावर उडी मारायच्या फळीखाली बसल्या होत्या. ही उरलेली पाचवी.

“आठ मिलिमीटरचा बोल्ट. दोन आट्यांमधलं अंतर सव्वा,” भिंग पुटपुटली. मामाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आठातून सव्वा वजा करायचे आणि उरेल तेवढं भोक पाडायचं, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या टॅपला, त्या हत्याराला, पुरेसं लोखंड मिळतं. “पावणेसात! म्हणजे सहा पॉइंट आठचं ड्रिल. मग त्या भोकात सातचं जायलाच नको!”

वळवळ्याने दुसऱ्या भोकात सातच्या ड्रिलची गुळगुळीत बाजू घातली. टण्‌! ड्रिल आरपार जाऊन फरशीवर पडलं.

भिंगने ड्रिलचा डबा पाहिला. सहा पॉइंट आठचं ड्रिल कोरं करकरीत, कागदात गुंडाळलेलं. साडेसातच्या ड्रिलला मात्र ताजा चुरा चिकटलेला!

“पाच वाजता ताई त्याच फळीवरून उडी मारणार आहे!” वळवळ्याचा आवाज चिरकला. ताई म्हणजे मामाची मुलगी. घड्याळात पावणेपाच वाजले होते आणि मामाचा फोन लागत नव्हता.

“बसलेत की बोल्ट व्यवस्थित! उगाच डोकं खाऊ नका,” फिटरकाका म्हणाले. पण भिंगकडे बघायचं त्यांनी टाळलं.

पाना घेऊन दोघं धावत सुटली. तलावावर पोचली तेव्हा ताई शिडी चढत होती.

“ताई, थांब! उडी मारू नकोस!”

“ए, बाजूला व्हा!” ताईच्या प्रशिक्षकांनी दरडावलं आणि टेबलावरची शिट्टी घ्यायला हात पुढे केला. शिट्टी तिथे नव्हती. ती घेऊन वळवळ्या तलावाच्या पलीकडे पळत होता!

“अरे चोरा! थांब!” प्रशिक्षक त्याच्या मागे धावले. शिट्टीशिवाय उडी नाही, हा त्यांचाच नियम होता. ताई शिडीवरच खोळंबली.

भिंगने फळीखाली शिरून बोल्ट आणखी आवळायला पाना लावला. बोल्ट हललाच नाही. आपलंच चुकलं असेल तर? तिने पुन्हा जीव खाऊन जोर लावला.

कर्र! बोल्ट गरागरा फिरला आणि अलगद तिच्या हातात आला. त्याला पट्टीतल्या तुटलेल्या आट्यांचे बारीक चकचकीत केस चिकटले होते.

हाशहुश करत परतलेल्या प्रशिक्षकांनी तो बोल्ट पाहिला आणि ताईला लगेच खाली उतरवलं.

निरोप मिळताच मामा आला. मागून खाली मान घालून फिटरकाका.

“मालक, गेल्या आठवड्यात दोन टॅप तुटले तेव्हा तुम्ही केवढे ओरडलात! भोक मोठं असलं की टॅप तुटत नाही, म्हणून…”

मामाने ताईकडे पाहिलं.

“टॅप बाजारात मिळतो,” तो म्हणाला. “पोरगी नाही मिळत!”

दुसऱ्या दिवशी फिटरकाकांनी नव्या पट्ट्या केल्या. प्रत्येक भोकाला भिंगने सातचं ड्रिल लावून पाहिलं. एकातही गेलं नाही! तरी ताई फळीच्या टोकाशी उभी राहिली तेव्हा भिंगने श्वास रोखून धरला. फळी वाकली, उसळली, आणि ताई सरळ पाण्यात शिरली.

“शाब्बास!” मामाने भिंगच्या पाठीवर थाप मारली. “यापुढे तू बघितल्याशिवाय एकही पट्टी बाहेर जाणार नाही!”

“आणि मी?” वळवळ्याने विचारलं.

“तू होतास म्हणून वेळ मिळाला, बाळा,” प्रशिक्षकांनी त्याला जवळ घेतलं. “पण माझी शिट्टी दे की आता!”