तीन नंबरची जोडणी

"संध्याकाळच्या आत भाडेकरूला घराबाहेर काढणार आहे मी," घरमालकीण दोन्या नेलिदा म्हणाल्या. "तुम्ही फक्त पुरावा शोधा."

"आधी पुरावा, मग भाडेकरू," एल्विरा तेचेरा म्हणाल्या. खाजगी तपासात त्यांचे केस पिकले होते. येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा घोट घेऊन त्यांनी तो भोपळ्याचा पेला आपल्या मदतनिसाच्या, विल्सनच्या हाती दिला. "काय गेलंय तुमचं?"

"माझा नवरा."

विल्सनला ठसका लागला.

रुबेन मागच्या हिवाळ्यातच वारले होते. मोंतेविदेओच्या या वस्तीतले ढोल त्यांनी जन्मभर रेकॉर्ड केले. ती सगळी रेकॉर्डिंग जिन्याखालच्या एका काळ्या पेटीत होती. पेटी म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणारा घरचा सर्व्हर. पार बार्सिलोनात गेलेली इथली पोरंसुद्धा घरच्या नेटवरून त्याच्यातले ढोल ऐकायची.

"प्रत्येक वादनाआधी रुबेन दोन शब्द बोलायचा," नेलिदा म्हणाल्या. "रोज ऐकायचे मी ते. शेवटी शेवटी म्हणत होता, पेटी भरत आली, आता जागा उरली नाही. आणि रविवारपासून ती मुकीच झालीय. कुठल्याच फोनवर उघडत नाही."

"भाडेकरूवर संशय का?"

"योरमान? तोंडावर म्हणाला मला, तुमची पेटी सगळं नेट पिते, एक दिवस वायरच उपटीन!"

एल्विरा जिन्याखाली वाकल्या. वायर घट्ट बसलेली, हिरवा दिवा लुकलुकत होता. तीच वायर त्यांनी विल्सनच्या लॅपटॉपला लावली. नेट झकास चाललं. वायर त्यांनी परत पेटीत खोचली.

"वायर जिवंत, राउटर जिवंत," विल्सन म्हणाला. "म्हणजे पेटीच मेली."

"तुला मर्तिकाची फार घाई. स्क्रीन आण."

स्क्रीन जोडला. एल्विरांनी एक रेकॉर्डिंग चालवलं. आधी खोकला, मग एक घोगरा आवाज, मग ढोल. नेलिदा मटकन पायरीवरच बसल्या. "आहे गं बाई, आहे!" विल्सनच्याही छातीवरचा दगड उतरला.

मग एल्विरांनी पेटीच्या सेटिंग उघडल्या. रुबेननी लिहिलेली एक ओळ त्यांनी दोनदा वाचली: 'सुरू होताना तीन नंबरची जोडणी उघड.' पेटीची आत्ताची स्थिती विचारली, तर उत्तर आलं: जोडणी नंबर चार, बंद.

"कोणीतरी सेटिंग बदलली," विल्सन म्हणाला.

"फाइलवरची तारीख रुबेन असतानाची आहे. तिला कोणी शिवलेलं नाही." त्या पेटीभोवती फिरल्या. वर धुळीची साय होती. मागच्या स्क्रूंची डोकी मात्र चकचकीत.

नेलिदांची बहीण मिर्ता स्वयंपाकघरातूनच ओरडली, "मी त्या भुताला हात लावत नाही! धूळच बघा ना!"

एल्विरा वर गेल्या, तर योरमान आपल्या खोलीत बॅग भरत होता. "रागात बोललो मी," तो म्हणाला. "पण वायर उपटली असती, तर उपटलेली दिसली नसती का? व्हेनेझुएलातून आलो म्हणून सगळं माझ्याच माथी?"

एल्विरा खाली उतरल्या, तेवढ्यात नेलिदांचा जावई फाबियान आला.

"रविवारी आम्ही सगळे मागच्या अंगणात मांस भाजत होतो. मी फक्त बर्फ आणायला आत आलो," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग शाबूत आहेत ना? मग झालं तर. जागेचीही काळजी नाही, अजून दहा वर्षं पुरेल."

एल्विरा हसल्या. "योरमानला खाली बोलवा."

सगळे जमले.

"वायर चांगली, राउटर चांगला, सेटिंग जशीच्या तशी. मग बदललं काय? पेटी स्वतःच. आत कुठल्या खाचेत काय बसलंय, त्यावरून लिनक्स जोडण्यांना नंबर देतं. पुढच्या खाचेत नवा पाहुणा आला की मागच्यांचे नंबर सरकू शकतात. वायरची तिसरी जोडणी आता चौथी झाली. पेटी बिचारी रुबेनचं ऐकून तिसरीच शोधत बसली."

"पाहुणा कोण?" विल्सननं विचारलं.

"स्क्रू कोणीतरी नुकतेच काढले होते. आणि पेटी भरलीय असं रुबेन सांगून गेले, तरी एकाला पक्कं ठाऊक आहे की दहा वर्षांची जागा आहे. ती आली कुठून, फाबियान?"

फाबियानची मान खाली गेली. "बर्फाच्या निमित्तानं आत येऊन जास्त जागेसाठी नवी डिस्क घातली. आईंना त्यांच्या वाढदिवशी दाखवणार होतो. मग पेटी बंद पडली... वाटलं, बाबांचं सगळं माझ्या हातून गेलं. तोंड उघडायचा धीरच होईना."

"आणि मी रस्त्यावर जाणार होतो!" योरमान कडाडला.

"आज रात्री सांगणार होतो..."

"रात्री कोणाला सांगणार होतास? रिकाम्या खोलीला?" मिर्तानं झाडलं.

एल्विरांनी त्या ओळीतल्या तीनचा चार केला आणि पेटी पुन्हा सुरू केली. विल्सननं श्वास रोखून फोन उघडला. रेकॉर्डिंगची यादी झरझर उतरू लागली. मिर्तानं नकळत छातीवर क्रूसाची खूण केली.

योरमान बॅग घेऊनच खाली आला होता. फाबियाननं ती उचलली आणि परत वर ठेवायला जिना चढू लागला. योरमान मात्र दारातच उभा राहिला, हाताची घडी घालून.

नेलिदा त्याच्यापुढे गेल्या.

"चुकले रे मी," त्या म्हणाल्या. "रागवायचंय ना? खुशाल रागव. महिनाभर रागव. पण आत बसून रागव."