तीन ताप, तीन जिवाणू

"पुन्हा ताप!" वॉर्डच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि जिवाणूतज्ज्ञ बाई लॅबचा कोट न काढताच जिना चढल्या.

खाटेवर शिंपीण कुडकुडत होती. घरी सोडायचं ठरलं की तिला ताप यायचा. ही तिसरी खेप. बाथरूममध्ये घसरून बरगड्या मोडल्या म्हणून ती आली होती. औषधांसाठी हाताच्या शिरेत नळी होती. उशाशी फुलदाणीत नवऱ्याने आणलेली फुलं, कोमेजलेली.

रक्तात वाढलेला जिवाणू नेहमीच्या चाचण्यांना दाद देईना. बाईंनी त्याचं एक जनुक वाचून घेतलं. हे जनुक सगळ्याच जिवाणूंत असतं, पण दर जातीत त्याची अक्षरं जरा वेगळी. उत्तर आलं तशी त्यांनी आधीच्या दोन तापांचे गोठवलेले नमुनेही बाहेर काढले.

"तीन ताप, तीन जाती," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "जुनाच संसर्ग उलटला असता तर जात एकच निघाली असती. आणि तिन्ही साचल्या पाण्यातल्या."

"नळ?"

"तपासले. स्वच्छ आहेत. फुलदाणीत मात्र तिन्ही सुखाने नांदताहेत."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम..." डॉक्टर उठलेच. "नवरा! फुलं तोच आणतो."

नवऱ्याला बोलावलं. कडक इस्त्रीचा सदरा, हातात ताजी फुलं.

"ताप आला त्या दिवशी कुठे होतात?"

"बाहेरगावी. आठवडाभर. कालच उतरलो." त्याने तिकीट पुढे केलं.

"तिला घरी सोडणार होतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सोडणार होतात? मला नाही कुणी कळवलं." तो हसला. "फार धांदरट हो बिचारी. सारखी पडते."

तो गेल्यावर डॉक्टर ओशाळले. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो."

"संन्यासी नाही तो. बरगड्यांचा एक्स-रे काढा बरं."

नव्या भेगांशेजारी जुन्या, जुळून आलेल्या भेगा होत्या. वेगवेगळ्या वेळच्या.

"घरी सोडायचं तुम्ही सकाळी फक्त तिलाच सांगितलंत," बाई म्हणाल्या. "दुपारी ताप. फुलदाणी तिच्या हाताशी, नळी तिच्याच हातात. पाणी तिनेच सोडलं शिरेत. तिन्ही वेळा. त्या घरात परत जायला नको म्हणून."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "तिसरा जिवाणू हृदयाच्या झडपेवर बसलाय. औषधं हरली. ऑपरेशन तिला सोसणार नाही."

बाई खाटेशी जाऊन बसल्या.

"कळलं ना तुम्हाला?" शिंपिणीने विचारलं.

"कळलं. कुणाला सांगायचं तरी होतं, ताई."

"भावाला सांगितलं होतं. म्हणाला, संसारात भांड्याला भांडं लागायचंच."

पोलीस आले. तिने धापा टाकत जबाब दिला. नवरा डोळे पुसत म्हणाला, तापात बरळतेय हो. शेजाऱ्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं. भाऊ आलाच नाही. जाताना हवालदार बाईंना हळूच म्हणाला, "एकटीचा शब्द आहे. आणि तीही..." पुढचं त्याने गिळलं.

शिंपिणीने बाईंचं मनगट धरलं. तिची बोटं तापाने भाजत होती.

"आता तरी घरी नाही ना पाठवणार?"

बाईंना खोटं बोलावं लागलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

शिंपीण कुशीवर वळली आणि लगेच झोपी गेली.